टिकलीखाली चौदा हजार

पाच मिलिमीटर व्यासाची साधी टिकली कपाळावर लावली, की तिच्याखाली जेमतेम २० चौरस मिलिमीटर कातडी झाकली जाते. कातडीच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १,००० लँगरहान्स पेशी असतात. सरासरी ७०० धरल्या, तरी त्या एवढ्याशा जागेत १४ हजार पेशी रात्रंदिवस पहाऱ्यावर आहेत. आता हाच हिशेब अंगभर करू. मोठ्या माणसाची कातडी सुमारे १.८ चौरस मीटर, म्हणजे १८ लाख चौरस मिलिमीटर. गुणाकार येतो १२६ कोटी! तळहात-तळपायांवर या पेशी विरळ असतात, म्हणून थोडं कमी करू. तरी आकडा शंभर कोटींच्या घरातच राहतो. आणि एका पेशीचा व्यास १२ मायक्रॉन धरला, तर या सगळ्या मिळून वजन भरेल जेमतेम एक ग्रॅम.

संरक्षण करणाऱ्या पेशींचा हा फक्त एक प्रकार झाला. कातडीत टी-पेशी आहेत सुमारे दोन हजार कोटी. सगळ्या रक्तात मिळून असतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. मी मात्र लँगरहान्स पेशींपाशीच थांबणार आहे, कारण त्यांचं काम बघण्यासारखं आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. त्याच्या मधल्या भागात ही पेशी बसलेली असते आणि शेजारच्या पेशींच्या फटींतून तिच्या फांद्या पसरलेल्या असतात. या थरात पेशींचे सांधे पक्के सीलबंद असतात, नाहीतर बाहेरचं सगळंच आत आलं असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की चेतवलेली लँगरहान्स पेशी आपली फांदी त्या सांध्यातून वर सरकवते, मृत थराच्या अगदी खालपर्यंत नेते, तिथला नमुना उचलते आणि तरी सील फुटू देत नाही. मग तो नमुना घेऊन ती जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघते. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं ना, तीच ही ग्रंथी. तिथे ती टी-पेशींना नमुना दाखवते आणि पुढची लढाई ठरते.

१८६८ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने कातडीला गोल्ड क्लोराइडचा रंग दिला, तेव्हा त्याला या फांद्याफांद्यांच्या काळ्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली पेशींची बेटं शोधली. मधुमेहाबद्दल वाचणाऱ्यांना त्याचं नाव तिथूनच माहीत असतं. क्षयाने त्याला मदेरा बेटावर नेलं आणि १८८८ मध्ये चाळिशीतच तो गेला. त्याच्या त्या पेशींचं खरं काम कळायला जवळपास शंभर वर्षं लागली. १९६१ मध्ये मायकेल बर्बेक आणि सहकारी कोड असलेली कातडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तेव्हा या पेशींमध्ये टेनिसच्या रॅकेटच्या आकाराचे कण दिसले. तीच त्यांची ओळख ठरली.

याच ओळखीवरून एका दुर्मीळ आजाराला नाव मिळालं: लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. १५ वर्षांखालच्या दर दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच जणांना तो होतो. महाराष्ट्रात या वयाची सुमारे तीन कोटी मुलं धरली आणि हेच प्रमाण लावलं, तर दर वर्षी १२० ते १५० घरांत हा आजार शिरतो. एखाद्या गावातल्या डॉक्टरांनी आयुष्यभर प्रॅक्टिस केली, तरी त्यांच्यासमोर असा एकही रुग्ण न येणं अगदी शक्य आहे. त्यातून लक्षणं अगदी नेहमीची: टाळूवर खपल्या, काखा-जांघांच्या घड्यांमध्ये पुरळ, वाहता कान. कधी डोक्याच्या हाडावर मऊ टेंगूळ, तर कधी न शमणारी तहान आणि सतत लघवी. खपल्या आणि कानाची तक्रार तर घरोघरी असते आणि बहुतेकदा साधीच निघते. पण उपचार करूनही ती महिनोन्महिने हटत नसेल आणि यातलं दुसरं काही जोडीला असेल, तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायलाच हवा. एवढी साधी गोष्ट वेळेवर न झाल्यामुळे मुलांचे महिने वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण सापडलं २०१० मध्ये, आणि आकड्यांच्या दृष्टीने ते थक्क करणारं आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं. त्यातल्या बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच अक्षर बदलतं, त्यामुळे ७६६ घटकांच्या प्रथिनातला ६०० वा घटक बदलतो आणि पेशीला वाढीचा हुकूम मिळतच राहतो. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठींत हा बदल सापडतो. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली: बिघडलेल्या पेशी कातडीतल्या नव्हत्याच, त्या अस्थिमज्जेतून निघालेल्या पूर्वज पेशींच्या वंशातल्या होत्या. कातडीतल्या शंभर कोटी पेशींवर उगाचच आळ आला होता.

उपचाराचं मुख्य औषध व्हिनब्लास्टिन, जोडीला स्टेरॉइड. व्हिनब्लास्टिन मिळतं आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. एक ग्रॅम औषधाला वाळलेला पाला लागतो सुमारे ५०० किलो. दोन वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण तीन मिलिग्रॅम द्यावं लागतं, म्हणजे एका इंजेक्शनमागे दीड किलो पाला. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, मग दर तीन आठवड्यांनी, असं वर्ष पुरं केलं की इंजेक्शनं होतात वीस-एकवीस आणि पाला तीस किलोंच्या वर! आजार एकाच अवयवापुरता असेल, तर जवळजवळ सगळी मुलं वाचतात. यकृत, प्लीहा किंवा अस्थिमज्जा धरली गेली, की लढाई अवघड होते. अशा मुलांना आता बीआरएएफ रोखणाऱ्या गोळ्या देता येतात. काही दिवसांतच ताप उतरतो, पुरळ मावळतं. पण गोळी थांबवली की आजार बहुतेकदा परततो, कारण तो बदल घेऊन बसलेल्या मूळ पेशी अस्थिमज्जेत तशाच शिल्लक असतात.