उसातला टारफुला : ओळख पटते ती मुळाशी



पावसाळा सरता सरता आमच्या शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते. "खत घातलं, पाणी पाजलं, तरी ऊस हालत नाही. दुपारी पानं सुकल्यागत होतात." मग कोणी हुमणी म्हणतो, कोणी जमिनीला दोष देतो. पण हलक्या, माळाच्या जमिनीतल्या काही फडांत आम्हांला याच उसाच्या बुडाशी वीत-दीड वीत उंचीचे, पांढऱ्या फुलांचे एक झाड आढळले. मालकाला विचारले तर उत्तर एकच, "माका हाय साहेब, उपटला की झालं."

तो माका नव्हे, टारफुला आहे. शास्त्रात याला स्ट्रायगा म्हणतात.

घोटाळा होतो याचे नवल नाही. दोन्हींची पाने खरबरीत आणि फुले पांढरी. परंतु माक्याचे फूल देठावर बटणासारखे गोल बसते, आणि पाला चुरगळला की बोटे काळी पडतात. टारफुल्याची पाने अरुंद असतात. शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत एकेक फूल येते. त्याची नळी बारीक असून मध्येच कोपरात हात मोडावा तशी वाकलेली असते. ही वाकडी नळी एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. ज्यांची नजर चांगली आहे त्यांनी फुलाच्या बुडाच्या हिरव्या कोशावरील उभ्या शिरा मोजाव्यात. पाच, दहा की पंधरा, यावरून त्याची जात ठरते.

तरी खरी परीक्षा जमिनीखाली. झाड उपटू नका, मुळी तुटते आणि पुरावा मातीतच राहतो. वीतभर अंतरावरून कुदळीने ढेकूळ उचलावे, बादलीत भिजत ठेवावे आणि माती आपोआप सुटू द्यावी. उसाच्या बारीक मुळीला टारफुल्याची मुळी चिकटलेली आणि जोडावर लहानशी गाठ दिसली, की शंका उरत नाही. हल्ली बरेच सभासद मोबाइलवर फोटो पाठवतात. पाठवावा, पण फोटोत मुळी दिसत नाही.

टारफुल्याचे पान हिरवे असते, म्हणून तो आपले अन्न आपणच करतो असे वाटते. थोडे करतोही. पण पाणी आणि क्षार उसाच्या मुळीतून ओढतो. तंबाखूतला बंबाखू तर हिरवाही नसतो, त्यामुळे निपाणीकडचा शेतकरी त्याला लांबून ओळखतो. टारफुला त्या मानाने लबाड. ज्वारी, बाजरी, मका यांच्यावरही तो जगतो.

हे झाड न ओळखल्याने काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. तिकडे कॅरोलिना भागात मक्याची वाढ खुंटू लागली, तेव्हा रोगाचा शोध चालला होता. 1956 साली भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने हे तण ओळखले, असे सांगतात. पुढे चार लाख एकरांहून जास्त क्षेत्रात ते पसरल्याचे आढळले आणि सरकारला निर्मूलनाची मोहीम कित्येक वर्षे चालवावी लागली. गंमत अशी की त्याच 1956 साली आपल्याकडे पुण्याच्या गाजर गवताची नोंद प्रसिद्ध झाली. ते तिकडच्या खंडातले. आपण त्याकडे वेळीच पाहिले नाही, आणि आज बांध कोणाचाही असो, गाजर गवत आहेच.

टारफुल्याचे बी धुळीसारखे असते आणि एका झाडाला हजारोंनी येते. ते जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहते. जवळ यजमान पिकाची मुळी येऊन तिचा पाझर लागला, की मगच रुजते. त्यानंतर महिना-दीड महिना ते जमिनीखालीच उसाला चिकटून असते. झाड वर दिसते तोवर निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. यंदा उपटण्याचा फायदा यंदाच्या उसाला थोडाच. तो खोडव्याला आणि पुढच्या लावणीला आहे. म्हणून फूल धरण्याआधीच उपटावे. बोंडे धरलेली झाडे उकिरड्यात टाकू नयेत, जनावरांपुढेही नाहीत, कारण शेणातून बी पुन्हा रानात येते. ती जाळावीत. अशा फडातले बेणे दुसऱ्याला देऊ नये.

यावर आपल्या जुन्या लोकांचा बेवड कामी येतो. भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल किंवा कापूस यांच्या मुळ्यांच्या पाझराने टारफुल्याचे बी फसून रुजते, पण त्या मुळीवर त्याला जगता येत नाही. ज्वारी-मका मात्र बेवडाला धरू नये. नत्र कमी पडलेल्या रानात टारफुला जोर करतो, तेव्हा नत्राचा हप्ता चुकवू नका. 2,4-डी या तणनाशकाचा उपयोग होतो, परंतु शेजारी द्राक्षबाग, कापूस किंवा भाजीपाला असेल तर वाऱ्यावर उडून त्यांची हानी होते. आम्हांला विचारल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.

संशय आल्यास चिटबॉयला कळवावे, किंवा झाड मुळांसकट वर्तमानपत्रात दाबून, गट नंबर, तारीख आणि फुलाचा रंग लिहून गट कार्यालयात द्यावे. ज्या जातीची आम्हांला खात्री पटणार नाही, तिचा नमुना आम्ही पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे दाखवू. बोंड धरलेले झाड मात्र प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधूनच आणावे. उघडे आणल्यास वाटेवरच्या रानात बी सांडत येईल.