वेशीबाहेरची बाग

चांगलं जगायला काय काय लागतं, याची ॲरिस्टॉटलची यादी तशी लांबलचक आहे. सद्गुण हवेतच; शिवाय बेताचा पैसा, बरं कुळ, गुणी मुलं, आणि रूपही अगदीच वाईट नको. भेकडपणा आणि आततायीपणा यांच्या मधलं ते धैर्य, ही त्याची शिकवण पाठ्यपुस्तकांनी आपल्यापर्यंत पोचवली. पण ‘निकोमेकियन एथिक्स’च्या १० भागांपैकी २ त्याने मैत्रीला दिले, हे क्वचितच कोणी सांगतं. त्याच्या सुखी माणसाला नगर लागतं, बरोबरीचे मित्र लागतात. बायका आणि गुलामांचं पान मात्र या पंगतीत नाही.

मग ते नगरच हातचं गेलं. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला, अथेन्सने मॅसिडोनियाविरुद्ध बंड केलं आणि ते हरलं. पुढच्याच वर्षी बंदराजवळच्या टेकडीवर परकी शिबंदी येऊन बसली. सभेत बोलून काही बदलत नाही, हे कळल्यावर माणूस वळणार कुठे?

एपिक्युरसने इ.स.पू. ३०६च्या सुमारास अथेन्सच्या वेशीबाहेर बाग घेतली आणि मित्रांसह तिथे राहिला. तिथे स्त्रियाही होत्या, गुलामही. बदनामीला तेवढं पुरलं. आपल्याकडे चार्वाकाची झाली तशीच त्याचीही ख्याती झाली, ऋण काढून तूप पिणारा. प्रत्यक्षात त्याला जवाची भाकरी आणि पाणी पुरत असे. एका पत्रात तो मित्राकडे चीजचं एक मडकं मागतो, मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून! भूक भागवायलाच हवी, पक्वान्न मिळालं तर ठीक, संपत्तीची आणि कीर्तीची हाव मात्र कधी भरतच नाही म्हणून सोडायची, असा त्याचा हिशेब. देव आपल्या वाटेला जात नाहीत, मरण येतं तेव्हा आपण नसतो. मग भ्यायचं कशाला? मुतखड्याच्या यातनांत लिहिलेल्या अखेरच्या पत्रात जुन्या गप्पांच्या आठवणींचा आनंद आहे, आणि आधीच गेलेल्या मित्राच्या मुलांची काळजी.

सायप्रसचा झेनो त्याच सुमारास चौकातल्या चित्रांच्या ओसरीत शिकवू लागला. त्याच्या स्टोइक पंथातला एपिक्टेटस पुढे सांगायचा, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते आधी ओळखा. तो स्वतः गुलामगिरीत राहिलेला. आज विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानांत हा विचार ऑफिसच्या ताणावरचा काढा म्हणून खपतो, आणि त्यातलं कर्तव्य नेमकं गाळलं जातं. स्टोइक माणूस जगाचा नागरिक. त्याला बागेत जाऊन बसायची मुभा नाही. इथे मी स्टोइकांच्या बाजूचा. टेकडीवरची शिबंदी कुणीतरी हटवायची असतेच. (झेनोचा मोठा चाहता मॅसिडोनियाचाच राजा होता, ही गंमत वेगळी.)

तरी बागेतल्या मंडळींना जगाशी देणंघेणं नव्हतं, असंही म्हणवत नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंदा इथे, डायोजेनिस नावाच्या एका म्हाताऱ्याने एपिक्युरसची शिकवण भलामोठा खर्च करून भर वस्तीतल्या भिंतीवर कोरून घेतली. गावकऱ्यांसाठी, परक्यांसाठी, अजून जन्मालाही न आलेल्यांसाठी. म्हातारपणाच्या बाजूने एक प्रकरणही त्यात होतं. पुढे लोकांनी भिंतीचे दगड दुसऱ्या बांधकामांना वापरले. १८८४ पासून त्यांचे तुकडे सापडत आले आहेत.