पाळीचं दुखणं सोसवत नसेल तर: पिशवी काढण्याआधीचे इलाज



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, कर्ज यावर आपण मोकळं बोलतो. पाळीच्या दुखण्याचा विषय निघाला की मात्र आवाज खाली जातो. "बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं," असं म्हणून विषय संपतो. आणि सोसवेनासं झालं की एकदम पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज येतो. सोसणं आणि पिशवी काढणं, या दोन्हींच्या मधे बरेच इलाज आहेत. ते आपल्याला माहीत असायला हवेत.

कोणतं दुखणं साधं नाही?

पाळीत एक-दोन दिवस ओटीपोट, कंबर थोडी दुखते, ते नेहमीचं. पण दर महिन्याला खुरपणीला, हळदीच्या कामाला जाता येत नाही. गोळी घेऊनही उठवत नाही. पाळीत संडासला किंवा लघवीला जाताना कळ येते. नवऱ्याजवळ जाताना आत दुखतं. मूल राहत नाही. यातलं काही होत असेल तर तपासणी करा. त्यामागे एन्डोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो. जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहा बायांमागे एकीला तो असतो.

पिशवीला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि पाळीत बाहेर पडतं. या आजारात तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्याजवळ वाढतं. पाळीच्या वेळी तिथंही सूज आणि रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून दुखतं, आणि आतले अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. हा कॅन्सर नाही, कुणाची बाधाही नाही.

अंडाशयावर रक्ताची गाठ झाली असेल तर ती सोनोग्राफीत दिसते. बारीक डाग बहुतेक वेळा दिसत नाहीत. म्हणून "सोनोग्राफी चांगली आली, म्हणजे तुम्हाला काही नाही" असं म्हणून घरी बसू नका.

इलाज पायरीपायरीने

१. दुखण्याच्या गोळ्या. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन यासारख्या. दुखणं डोक्यात जाईपर्यंत थांबू नका. दुखायला लागताच, जेवण करून, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी घ्या. पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी सांगा. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यानेही आराम पडतो.

२. हार्मोनचे इलाज. यात अस्तराची वाढच कमी होते. पाळणा लांबवायच्या गोळ्या, डायनोजेस्टची रोजची गोळी, तीन महिन्यांतून एकदाचं इंजेक्शन, हार्मोन असलेली तांबी असे प्रकार आहेत. साधी तांबी वेगळी, तिने अंगावरून जास्त जाऊ शकतं. काहींची पाळी या इलाजात बंद होते. "घाण रक्त आत साठेल" ही भीती नको. अस्तरच पातळ होतं, म्हणून साठायला काही उरत नाही. मात्र बीपी, अर्धशिशी, पायात रक्ताची गाठ, तंबाखू हे सगळं डॉक्टरांना सांगा, सगळ्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा, मग इलाज वेगळा ठरतो.

३. पाळी तात्पुरती थांबवणारी मोठी इंजेक्शनं. वरच्या इलाजाने फरक पडला नाही तर काही महिन्यांसाठी देतात. अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीतच.

४. दुर्बिणीचं ऑपरेशन. पोटाला छोटी छिद्रं पाडून गाठी, डाग काढतात आणि चिकटलेलं सोडवतात. पिशवी जागेवर राहते. दुखणं पुन्हा येऊ शकतं, म्हणून बऱ्याच जणींना नंतर गोळ्या सुरू ठेवतात.

५. पिशवी काढणं. हा शेवटचा उपाय. काही जणींना त्याची खरंच गरज पडते. पण पिशवी काढली आणि बाहेरचे डाग तसेच राहिले, तर दुखणंही राहू शकतं. सोबत दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी कायमची लवकर जाते, त्याचा परिणाम हाडांवर आणि हृदयावर होतो.

बीडचं उदाहरण विसरू नका

२०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायांचा प्रश्न राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ बायांची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. पोटदुखी, पांढरं जाणं अशा त्रासालाही पिशवी काढल्याचं पुढं आलं. २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने विनाकारण पिशवी काढणं रोखण्याच्या सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश दिला. आपल्याकडूनही बाया ऊसतोडीला जातात. "पाळीची कटकट नको" म्हणून घाईत सही करू नका.

ऑपरेशन सांगितलं तर हे विचारा:
- मला नेमका कोणता आजार आहे? रिपोर्ट दाखवा.
- गोळ्या, इंजेक्शन, दुर्बीण यातलं काय करून पाहिलं? काय राहिलं?
- अंडाशयं ठेवणार की काढणार?
- लगेच करणं गरजेचं आहे का, की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू?

कुठं जायचं?

आधी आशाताईला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून हिंगोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. त्यापुढं नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा इलाज बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तीन महिने वहीत तारखा लिहा: पाळी कधी आली, किती दिवस दुखलं, किती गोळ्या घेतल्या, कितीदा रोज बुडाला. डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.

एकदम असह्य कळ, चक्कर, ताप, किंवा पाळी चुकून पोटात दुखत असेल तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गटातल्या अध्यक्ष-सचिव तायांना एक विनंती. पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागायला कुणी आलं, तर तिला नाही म्हणू नका आणि चारचौघीत खोदून विचारूही नका. बाजूला बसवून वरचे चार प्रश्न तिच्यासोबत वाचा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर सोबतीला एक जण जा, आणि गाडीभाड्यापुरतं छोटं कर्ज आधी द्या.