फुटबॉलचा खरा शौकीन

‘खरा’ हे विशेषण ज्या नामाला लावावे लागते, त्या नामाविषयी लोकांत वाद आहे असे खुशाल समजावे. खरा रसिक, खरा देशभक्त, खरा वारकरी ह्या शब्दप्रयोगांत एक तक्रार दडलेली असते; खोटे पुष्कळ झाले आहेत, ही ती तक्रार. फुटबॉलच्या शौकिनांतही ती आहेच. विश्वचषक आला की कोल्हापुरात पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिना ह्यांचे झेंडे लागतात, आणि तालमीच्या कट्ट्यावर वर्षभर फुटबॉलच बोलणारा मनुष्य त्या झेंड्यांखालच्या गर्दीकडे पाहून म्हणतो, ‘हे महिन्याभराचे पाहुणे. खरा शौकीन निराळा.’ निराळा म्हणजे कसा, असे विचारले तर मात्र तो थोडा अडखळतो. त्याच प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे शोधावयाचे आहे. प्रश्न खेळाचा आहे म्हणून तो हलका समजण्याचे कारण नाही. कोणत्याही लाभावाचून मनुष्य आपण होऊन एखाद्या गोष्टीला स्वतःला कसा बांधून घेतो, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

ह्या बाबतीत लोक सामान्यतः तीन कसोट्या सांगतात. पहिली ज्ञानाची. ज्याला ऑफसाइडचा नियम समजतो, जुन्या सामन्यांचे गोल कोणी केले हे तोंडपाठ आहे, तो खरा. परंतु नियम पंचालाही समजतात, आणि पंचाने कोणत्याही संघाचा शौकीन असू नये अशीच आपली अपेक्षा असते. तेव्हा जाणकार निराळा आणि शौकीन निराळा. दुसरी कसोटी हजेरीची. उन्हापावसात मैदानावर जातो तो खरा. ही पहिलीपेक्षा बरी. पण आजारपण, नोकरी, तिकिटाचे पैसे अशा कारणांनी ज्याला जाता येत नाही, त्याला आपण खोटा कसे म्हणावे? तिसरी कसोटी जवळिकीची. ज्या गावाचा संघ, त्या गावाचाच शौकीन खरा. परंतु 18 डिसेंबर 2022 रोजी कतारमध्ये अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तो देश केवळ नकाशात पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या डोळ्यांतही पाणी आले. ते पाणी खोटे ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तात्पर्य, ह्या तिन्ही कसोट्या बाहेरून लावावयाच्या आहेत. आतली खूण शोधावयाची असेल तर शौकिनाच्या बोलण्यातील सर्वनामाकडे लक्ष द्यावे. सामना पाहून घरी येणारा एक मनुष्य म्हणतो, ‘ते जिंकले.’ तो प्रेक्षक. दुसरा म्हणतो, ‘आम्ही जिंकलो.’ त्याने चेंडूला पायही लावलेला नाही. तरी तो ‘आम्ही’ म्हणतो. येथे शौक सुरू झाला. पण जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणणे सोपे आहे. पुष्कळांचे सर्वनाम निकालाबरोबर बदलते; जिंकल्यास ‘आम्ही जिंकलो’, आणि हरल्यास ‘ते भिकार खेळले’. ज्याच्या तोंडून पराभवानंतरही ‘आम्ही हरलो’ हेच शब्द निघतात, तो खरेपणाच्या उंबरठ्यावर आला असे म्हणावयास हरकत नाही. ह्या ‘आम्ही’त केवळ अभिमान नसतो, जबाबदारीही असते. तिची परीक्षा क्वचित होते, पण लंडनच्या एका उपनगरात ती झाली, आणि तीही मोठी कठीण झाली.

विंबल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते. तेथे 1889 साली स्थापन झालेला एक फुटबॉल क्लबही होता. कित्येक दशके तो हौशी आणि खालच्या दर्जाच्या स्पर्धांत खेळला. 1977 साली त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, 1986 साली तो पहिल्या श्रेणीत चढला, आणि 1988 साली एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने बलाढ्य लिव्हरपूलला 1–0 असे हरविले. गोल लॉरी सांचेझचा. आणि कर्णधार व गोलरक्षक डेव्ह बीझंट ह्याने पेनल्टी अडविली. एवढा पराक्रम झाला, पण क्लबचे मैदान मात्र टिकले नाही. 1991 साली प्लॉ लेन हे आपले जुने घर सोडून तो दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहू लागला. पुढे मालकांनी ठरविले की, क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स ह्या नव्या शहरात न्यावा. शौकिनांनी निदर्शने केली, अर्ज केले. 28 मे 2002 रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने स्थलांतराला परवानगी दिली. त्या निर्णयात असेही म्हटले होते की, शौकिनांनी क्लब पुन्हा तळापासून उभा करणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे होणार नाही.

आता ह्या लोकांनी काय करावे? खेळाडू तेच होते, करार तेच होते, लीगमधील जागा तीच होती. क्लब म्हणजे कायद्याने नोंदलेली कंपनी असे मानले, तर त्यांनी गाडीत बसून मिल्टन कीन्सला जावयास हवे होते. त्यांनी उलट केले. काही आठवड्यांत त्यांनी ए. एफ. सी. विंबल्डन ह्या नावाने आपला क्लब काढला. जूनच्या अखेरीस विंबल्डन कॉमन ह्या मोकळ्या माळावर खेळाडूंची चाचणी घेतली, आणि दोनशेहून अधिक तरुण तेथे आले. जुलैमध्ये शेजारच्या सटन युनायटेडशी पहिला मैत्रीचा सामना झाला. तो ए. एफ. सी. विंबल्डनने 4–0 असा गमावला. पण पाहावयास साडेचार हजारांहून अधिक लोक आले होते. पुढे कम्बाइंड काउंटीज लीग ह्या अगदी खालच्या पायरीवरील स्पर्धेत हा क्लब खेळू लागला. जुना क्लब अजून लंडनमध्येच वरच्या श्रेणीत खेळत होता. तरी त्या वर्षी त्याच्यापेक्षा ह्या नव्या क्लबच्या घरच्या सामन्यांना सरासरीने अधिक लोक जात होते. जेथे उत्तम खेळ आहे तेथे हे लोक गेले नाहीत. जेथे आपले ‘आम्ही’ आहे तेथे गेले.

हा क्लब शौकिनांच्याच न्यासाच्या मालकीचा आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची. मालकी आली म्हणजे नुसत्या घोषणा देऊन भागत नाही. हिशेब पाहावे लागतात, तिकिटे विकावी लागतात, सभेत मत द्यावे लागते, आणि तोटा झाला तर तो आपलाच असतो. 2003 ते 2004 ह्या काळात ह्या क्लबने लागोपाठ 78 लीग सामने न हरता काढले. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून 2011 साली तो फुटबॉल लीगमध्ये परत आला. मग प्लॉ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, सुमारे नऊ हजार प्रेक्षकांचे नवे मैदान बांधावयाचे ठरले. पैसे कमी पडले, तेव्हा शौकिनांनी कर्जरोख्यांच्या रूपाने क्लबला पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी करून दिली. 3 नोव्हेंबर 2020 रोजी ह्या मैदानावर पहिला सामना झाला, तोही कोरोनाच्या साथीमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर. ज्यांनी घर बांधले त्यांना वास्तुशांतीला आत जाता आले नाही! हजेरीच्या कसोटीने त्या दिवशी त्या मैदानावर एकही खरा शौकीन नव्हता, असे म्हणावे लागेल. ती कसोटी किती अपुरी आहे हे दाखविण्यास आणखी पुरावा नको.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. मिल्टन कीन्सला गेलेल्या क्लबचे नाव 2004 साली एम. के. डॉन्स झाले. त्यानंतर त्या शहरात जन्मलेली मुले त्याच क्लबवर जीव लावून वाढली. निर्णय त्यांचा नव्हता, आणि त्यांचा जीव लावणे काही कमी खरे नाही. ज्याचे स्वतःचे ‘आम्ही’ एकदा हिरावले गेले, त्याला दुसऱ्याच्या ‘आम्ही’चे मोल समजणे अवघड असते, पण समजले पाहिजे. कारण ‘आम्ही’ ह्या शब्दाची दुसरी बाजू फार भयंकर आहे.

ती बाजू आपल्या देशाने पाहिली आहे. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्यांचे वैर प्रसिद्ध आहे. घरात कोणते मासे शिजतात येथपर्यंत ते पोचते. विजयाच्या दिवशी एका बाजूला कोळंबी, दुसऱ्या बाजूला हिल्सा. ह्या गमतीचे विष केव्हा होईल हे सांगता येत नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर ह्या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी सुरू झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि 16 शौकीन मरण पावले. ते सकाळी घरून सामना पाहावयास म्हणून निघाले होते. बंगालमध्ये त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला रक्तदान केले जाते.

आणि त्याच शहराने दुसरेही चित्र दाखविले. ऑगस्ट 2024 मध्ये तेथील एका रुग्णालयात तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर पेटले होते. 18 ऑगस्टला होणारा ह्याच दोन संघांचा ड्युरँड कपमधील सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाला. सामना नव्हता, तरी शौकीन आले. हिरव्या-मरून आणि लाल-सोनेरी रंगांचे सदरे घातलेले लोक सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर एकत्र उभे राहिले, मोहमेडन स्पोर्टिंगचे शौकीनही त्यांच्यात आले, आणि सर्वांनी मिळून त्या मुलीसाठी न्याय मागितला.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द पुरवावा लागतो. ‘आम्ही’त समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. आमच्या मते खऱ्या शौकिनाचे सारे मर्म ह्या भेदात आहे. नव्वद मिनिटे त्याने ‘आम्ही’ म्हणावे, अगदी घसा बसेपर्यंत म्हणावे. हरल्यावरही म्हणावे, आणि विंबल्डनच्या लोकांप्रमाणे वेळ आली तर खिशात हात घालून म्हणावे. पण शिटी वाजल्यावर त्याला ‘आपण’ म्हणता आले पाहिजे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अर्धे स्टेडियम इकडे आणि अर्धे तिकडे होते. पण एका तालमीने सामना होत नाही. समोर दुसरी लागते. जो दुसऱ्या बाजूच्या माणसावर दगड उचलतो, तो खेळाचे अर्धे अंग तोडावयास निघालेला असतो.

म्हणून महिन्याभराच्या पाहुण्यांना कट्ट्यावरून हुसकावून लावू नये. झेंडा लावणारे पोर आज ‘ते जिंकले’ म्हणत असेल, उद्या ‘आम्ही जिंकलो’ म्हणेल. ‘आम्ही हरलो’ हे त्याला कोण शिकविणार? ते त्याच कट्ट्यावर, हरलेल्या संध्याकाळी, जुन्या शौकिनांनी त्याला शेजारी बसवून घेऊनच शिकवावयाचे असते.