वेबसाईट एक, नावं अनेक: सगळे पत्ते एकाच दारात कसे आणायचे?

सीताबर्डीवर ऑटोवाल्याला ‘सोनेगाव विमानतळ’ म्हणा, ‘आंबेडकर विमानतळ’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणा. तो तुम्हाला वर्धा रोडवरच्या एकाच इमारतीसमोर उतरवणार. तिकिटावर हीच जागा ‘एनएजी’ या तीन अक्षरांत असते आणि वैमानिकांच्या कागदपत्रांत ‘व्हीएएनपी’ या चार अक्षरांत. नावं किती का असेनात, धावपट्टी तीच.

वेबसाईटचंही असंच करता येतं. एका वेबसाईटला दोन, चार, दहा नावं देता येतात. फरक एवढाच की इथे रस्ता ओळखणारा ऑटोवाला नसतो. कोणतं नाव कुठे न्यायचं, हे मालकालाच लिहून ठेवावं लागतं. ते नीट लिहिलं नाही तर गिऱ्हाईक बंद दारासमोर उभं राहतं किंवा भलत्याच्याच दारात जातं.

आपल्याला हे का लागतं?

समजा, मिहानमध्ये कामाला येणाऱ्या आयटीवाल्यांना डबे पुरवणारी एका शेख कुटुंबाची खानावळ आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलची ऑफिसं जवळ, एम्सही तिथेच. आता वेबसाईट काढायची म्हटली की पहिला प्रश्न येतो: ‘शेख’ इंग्रजीत लिहायचं कसं? कुणी एस-एच-ई-आय-के-एच लिहितं, कुणी एस-एच-ए-आय-के-एच, तर कुणी शेवटचा एच गाळतं. ‘मोहम्मद’चं तर विचारूच नका. एकाच घरातल्या दोन भावांच्या आधार कार्डांवर दोन स्पेलिंग असतात, हे आपल्याला नवीन नाही.

गिऱ्हाईक आपल्या सवयीचं स्पेलिंग टाकणार. म्हणून नेहमीची दोन-तीन स्पेलिंग घेऊन ठेवणं शहाणपणाचं. त्याशिवाय ‘डॉट इन’ आणि ‘डॉट कॉम’ ही दोन वेगळी नावं. पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेलं आणि न लावलेलं, हीसुद्धा तांत्रिकदृष्ट्या दोन वेगळी नावंच.

नाव वेगळं, जागा वेगळी

डोमेन म्हणजे पाटी. वेबसाईट ज्या संगणकावर ठेवलेली असते तो सर्व्हर म्हणजे दुकानाची जागा. त्या जागेला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर जातं, याची जगभर चालणारी नोंदवही म्हणजे डीएनएस.

या नोंदवहीत दोन नोंदी कामाच्या. ‘ए रेकॉर्ड’ सांगतो की हे नाव अमुक आकड्यांच्या पत्त्यावर आहे. ‘सीनेम’ सांगतो की हे नाव म्हणजे त्या दुसऱ्या नावाचंच टोपणनाव. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाल्या नावाला सीनेम चालतो, पण मूळ डोमेनला साधारणपणे ए रेकॉर्डच लावतात. नोंद बदलल्यावर ती सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदल करू नये.

एक नाव मुख्य, बाकीची वाटाडी

सगळी नावं एकाच सर्व्हरवर आणली म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं केलं तर तीच वेबसाईट प्रत्येक नावाखाली वेगवेगळी दिसते. गुगलला एकाच मजकुराच्या चार प्रती सापडतात. त्यातली खरी कोणती हे तो स्वतःच ठरवतो, आणि त्याची निवड तुमच्यासारखीच असेल असं नाही. गिऱ्हाईकही गोंधळतं: डब्याचे पैसे भरताना पत्ता वेगळा, पावतीवर वेगळा!

म्हणून योग्य पद्धत अशी: एक नाव मुख्य ठरवायचं आणि बाकीच्या नावांना ‘रीडायरेक्ट’ लावायचं. म्हणजे जुनं नाव टाकलं की ब्राउझर आपोआप मुख्य नावावर जातो आणि वरच्या पट्टीतला पत्ताही बदलतो. याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ३०१ म्हणजे ‘कायमचा मुक्काम हलवला’ आणि ३०२ म्हणजे ‘तात्पुरते तिकडे आहोत’. आपल्याला ३०१ हवा. त्यामुळे जुन्या नावाने कमावलेली ओळखही मुख्य नावाकडे जाते.

काही डोमेन विक्रेते ‘मास्किंग’ नावाची सोय देतात. त्यात पत्ता जुनाच दिसतो आणि आत दुसरीच साईट उघडते. ती घेऊ नये. मोबाईलवर नीट दिसत नाही, कुठल्याही पानाचा वेगळा पत्ता मिळत नाही, आणि लबाडीसारखं दिसतं ते वेगळंच.

इथे हमखास चुकतं

पहिली चूक कुलपाची. ‘एचटीटीपीएस’साठी लागणारं प्रमाणपत्र फक्त मुख्य नावाला घेतलं जातं. पण वाटाड्या नावालाही ते लागतं. नाहीतर रीडायरेक्ट होण्याआधीच ब्राउझर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा लाल इशारा देतो आणि माणूस परत फिरतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ हे प्रमाणपत्र फुकट देतं आणि एकाच प्रमाणपत्रात अनेक नावं बसतात.

दुसरी चूक ईमेलची. वेबसाईट वळवली म्हणून टपाल वळत नाही. ईमेलसाठी ‘एमएक्स’ ही वेगळी नोंद असते. जुन्या नावावर येणाऱ्या ऑर्डरी हव्या असतील तर ती नोंद स्वतंत्रपणे लावावी लागते.

आपल्या लिपीतलं नाव

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत ‘डॉट भारत’ सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणीसह आठ भाषांना ते चालतं. उर्दू लिपीतलं ‘भारत’ही आहे. म्हणजे इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही पाट्या एकाच दुकानावर लावता येतात. देवनागरीत स्पेलिंगचा घोळही कमी, ‘शेख’ हा शेखच. मात्र यंत्राच्या आतल्या नोंदीत अशी नावं ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या विचित्र इंग्रजी अक्षरांत दिसतात. ते पाहून व्हायरस आला असं समजू नका. तरी मुख्य नाव इंग्रजी ठेवून मराठी-उर्दू नावं तिकडे वळवणं सध्या सोयीचं, कारण सगळ्याच ईमेल सेवा देवनागरी पत्ते नीट घेत नाहीत.

नाव सोडलं तर?

खरा धोका इथे आहे. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते वेळोवेळी नूतनीकरण करून ठेवावं लागतं. पहिल्या वर्षी स्वस्त असतं, पुढे महाग होतं, मग ‘हे स्पेलिंग कोण टाकतं?’ म्हणून आपण ते सोडून देतो. ठरावीक मुदतीनंतर ते कुणीही घेऊ शकतं. जुन्या पत्रकांवर, व्हॉट्सॲपच्या मेसेजांत, दुकानाच्या बोर्डावर नाव तुमचं आणि मालक मात्र दुसराच! उमरा टूरवाले असोत की जकात गोळा करणारे ट्रस्ट, अशा नावावर एखादा क्यूआर कोड लावला की लोकांचे पैसे परस्पर जातात.

रिझर्व्ह बँकेने हेच ओळखून बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं. ही नावं फक्त बँकांनाच मिळतात, जशी ‘डॉट गव्ह डॉट इन’ फक्त सरकारी संस्थांना. हज समितीच्या नावाने लिंक आली तर आधी पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे का ते बघा. सुरुवातीला ‘हज’ लिहिलेलं असण्याला काही अर्थ नाही, ते कुणीही लिहू शकतं.

आजच बघून घ्या

- डोमेन कुणाच्या नावावर आहे? वेबसाईट बनवणाऱ्या मुलाच्या की दुकानाच्या, ट्रस्टच्या?
- सगळी नावं एकाच खात्यात आहेत का? पासवर्ड किमान दोघांकडे आहे का?
- आपोआप नूतनीकरण चालू आहे का? त्याला जोडलेलं बँक कार्ड अजून चालतं का?
- प्रत्येक नाव मोबाईलवर स्वतः टाकून पाहिलं का? ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून आणि न लावून, दोन्ही.
- वेबसाईट बंद केली, तरी नाव काही वर्षं तुमच्याकडेच ठेवणार ना?

दहा नावं घ्यायची गरज नाही. तीन घ्या, पण तिन्हींची चावी आपल्या खिशात ठेवा. ‘डॉट इन’चं नाव वाईट हेतूने कुणी बळकावलंच, तर त्या व्यवस्थेच्या स्वतंत्र तंटा-प्रक्रियेत तक्रार करता येते. पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. त्यापेक्षा वर्षाचे काहीशे रुपये वेळेवर भरलेले परवडतात.