एक कळफलक, दोन संगणक

आमच्या प्रयोगशाळेत एका टेबलावर दोन संगणक आहेत. एक मोजमापे नोंदवतो, दुसऱ्यावर आम्ही आलेख काढतो. पडदे दोन, पण कळफलक आणि माऊस यांची जोडी एकच. एका संध्याकाळी काम संपल्यावर मी दुसऱ्या संगणकाला बंद होण्याची आज्ञा टंकली आणि बंद पडला पहिला! रात्रभर चालायचे मोजमाप तिथेच थांबले. चूक माझीच होती. पण ती कशी झाली हे समजून घेण्यासारखे आहे.

कळ दाबली की कळफलकातून अक्षर जाते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जातो तो कळीचा क्रमांक. कळ दाबल्याचे आणि सोडल्याचे असे दोन्ही निरोप जातात. क्रमांकावरून अक्षर ठरवण्याचे काम संगणकाचे; म्हणूनच एकाच कळफलकावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही टंकता येते. माऊसही आपली जागा सांगत नाही. मघापासून किती सरकलो, कोणते बटण दाबले, एवढेच तो कळवतो. असे साधे निरोप दुसरीकडे वळवणे अवघड नाही.

त्याचा एक मार्ग म्हणजे 'केव्हीएम स्विच' ही पेटी. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. मग नुसती तार इकडून तिकडे वळवणारे बटण का पुरत नाही? १९८७ साली आलेल्या गोल खुंटीच्या कळफलकांच्या काळात, सुरू होताना कळफलक सापडला नाही तर अनेक संगणक चूक दाखवून तिथेच थांबत. म्हणून पेटीतील छोटे मंडल, ज्या संगणकाकडे आपले लक्ष नाही त्याच्यापुढे कळफलकाचे सोंग घेऊन उभे राहते.

दुसऱ्या मार्गाला पेटी लागत नाही. कळफलक एकाच संगणकाला जोडलेला असतो. माऊसचा बाण पडद्याच्या कडेला पोचला, की त्या संगणकातील आज्ञावली पुढचे सगळे निरोप जाळ्यातून शेजारच्या संगणकाकडे पाठवते. 'सिनर्जी' ही अशी आज्ञावली २००१ मध्ये आली. ॲपलने २०२२ मध्ये अशीच सोय आपल्या संगणकांत दिली. यात चित्र पाठवावे लागत नाही, कारण प्रत्येक संगणकाचा पडदा स्वतंत्र असतो. मात्र आज्ञावली सुरू होण्यापूर्वी हा मार्ग चालत नाही. शिवाय आपला परवलीचा शब्दही जाळ्यातून जातो, म्हणून निरोप सांकेतिक रूपात पाठवणे आवश्यक असते.

आमची सोय या दुसऱ्या प्रकारची. माझे डोळे एका पडद्यावर होते आणि बाण दुसऱ्यावर!

हा विषय वर्गात खेळातून शिकवता येईल. एक विद्यार्थी कळफलक, एक स्विच, दोन संगणक. कळफलकाने 'क दाबली', 'क सोडली' अशा चिठ्ठ्या द्यायच्या, स्विचने त्या पोचवायच्या. संगणकाचा नियम एकच: 'सोडली' येईपर्यंत 'क' लिहीत राहायचे. आता या दोन चिठ्ठ्यांच्या मधेच स्विचला दिशा बदलायला सांगा. पहिला संगणक 'क' लिहीतच राहील, दुसऱ्याला मात्र न दाबलेली कळ सोडल्याचा निरोप मिळेल! यावर उपाय काय, हे मुलांनाच विचारा. दिशा बदलण्यापूर्वी स्विचने स्वतःच 'सोडली' अशी चिठ्ठी पहिल्याला द्यावी, हे बहुधा कोणीतरी सुचवेलच. चांगल्या पेट्या आणि आज्ञावल्या नेमके हेच करतात.

आणि मी? मोजमापे घेणाऱ्या संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी मी आता लालभडक करून ठेवली आहे.