सुईविना दातांची भूल

‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील,’ ही धमकी अनेक घरांत मुलांना कधी ना कधी दिली जाते. पुढे त्याच मुलाची दाढ किडते, तेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच ते तोंड घट्ट मिटून घेते. उपचार लांबणीवर पडतो, कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचते आणि जे काम साध्या सिमेंटने भागले असते, तिथे दात काढण्याची पाळी येते. म्हणूनच सुई न टोचता दात बधिर करता येईल काय, हा प्रश्न बालदंतवैद्यकात महत्त्वाचा ठरतो.

स्थानिक भुलीचे औषध मज्जातंतूच्या आवरणातील सोडियमचे मार्ग तात्पुरते बंद करते. त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जात नाही. मूल मात्र जागेच राहते. खरी अडचण आहे ती औषध योग्य जागी पोहोचवण्याची. दाताचा मज्जातंतू मुळाच्या टोकातून आत शिरतो आणि त्याच्याभोवती हिरडी व हाड यांचे थर असतात. सुई हे अंतर सहज कापते.

सुईविना उपायांपैकी सर्वांत परिचित म्हणजे हिरडीला लावण्याचे जेल किंवा फवारा. लिडोकेन अथवा बेन्झोकेनयुक्त असे औषध कोरड्या केलेल्या हिरडीवर एक-दोन मिनिटे ठेवले, की वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर बधिर होतो. अगदी हलणारा दुधाचा दात काढण्यास ते पुरते. खोल किडलेल्या दाढेसाठी मात्र नाही. तेथे जेलचा उपयोग सुईची टोच जाणवू नये, एवढाच.

दुसरा मार्ग ‘जेट इंजेक्टर’चा. स्प्रिंग किंवा दाबाखालील वायूच्या जोरावर औषधाची अतिशय बारीक धार हिरडीत घुसवली जाते. सुई दिसत नाही. पण ‘फट्’ असा आवाज, अचानक बसणारा दाब आणि जिभेवर उतरणारी औषधाची कडू चव यांमुळे काही मुले दचकतात.

नाकात फवारण्याचे औषधही तयार झाले. टेट्राकेन व ऑक्सिमेटाझोलिन यांच्या मिश्रणाच्या अशा फवाऱ्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. वरच्या दातांचे काही मज्जातंतू नाकाच्या पोकळीजवळून जातात, हे त्यामागील सूत्र. मात्र मंजुरी वरच्या जबड्यातील ठरावीक दात भरण्यापुरती आणि ४० किलो वा अधिक वजनाच्या रुग्णांसाठीच होती. सुईला सर्वाधिक घाबरणारी चार-पाच वर्षांची मुले त्यातून वगळली गेली.

खालच्या जबड्याचा प्रश्न आणखी अवघड आहे. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने सच्छिद्र, तर खालचे दाट. त्यामुळे खालच्या दाढांच्या खोल उपचारासाठी बहुधा मज्जातंतूलाच गाठावे लागते आणि त्याकरिता सुईला समर्थ पर्याय अद्याप नाही. तथापि आधी जेल लावून, बारीक सुईने औषध अगदी सावकाश सोडल्यास वेदना बरीच कमी होते.

सुई नाही म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. जेलमधील औषध रक्तात शोषले जाते; म्हणून मात्रा मुलाच्या वजनावरूनच ठरवावी लागते. बेन्झोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. त्यामुळे दात येताना दोन वर्षांखालील बाळांच्या हिरड्यांना ते लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या याच प्रशासनाने २०१८ मध्ये दिला.

पालकांनी काही पथ्ये पाळावीत. सुईची धमकी कधीही देऊ नये; तसेच ‘काहीच करणार नाहीत’ असे खोटे आश्वासनही देऊ नये, कारण एकदा फसलेले मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. उपचारानंतर ओठ दोन-तीन तास बधिर राहू शकतो. तोवर मूल तो चावत नाही ना, याकडे लक्ष द्यावे आणि खाणे टाळावे.

‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून दुर्लक्ष करणे हेच बहुधा सुईपर्यंत नेते. कीड लहान असतानाच दाखवल्यास पुष्कळदा भुलीचीही गरज भासत नाही. सुई टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आजही हाच आहे.